पिठाच्या डब्यातली कुंदा

४ ऑगस्ट २००८, लातूर

ही डायरी क्लासवाल्यांनी दिली. फी घेतली पोतंभर अन् दिलं काय? डायरी, वर सरांच्या फोटोचं कॅलेंडर! माझ्या नातीला, शिवानीला, लिहायला फुरसत न्हाई. मी चौथी शिकलेली. कोरं पान वाया जाताना मला बघवत न्हाई.

माझं काम सोपं हाय. नातीला भाकऱ्या घालायच्या, छत्री धरून क्लासला सोडायचं, तिथून आणायचं. रविवारी उदगीरला लेकाला फोन करायचा – पेपरात किती पडले, किती वाजता झोपली, कोणाशी बोलली. लेकाचं, महादेवप्पाचं, किराणा दुकान हाय, पण त्याला घरात डॉक्टर पाहिजे. ह्या गल्लीत प्रत्येक खोलीत एक डॉक्टर शिजून राहिला. पेशंट कोण होणार, बसवेश्वरालाच ठाऊक!

६ ऑगस्ट

पंचमी. पुरणाचे दिंड करावे म्हणून गव्हाच्या पिठाचा डबा उघडला. आत प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तक! वाचनालयाचा शिक्का. आम्ही रोज खातो भाकरी, म्हणून पोरीला वाटलं म्हातारी गव्हाचा डबा उघडणार न्हाई. बारावी सायन्सची अक्कल ही.

पुस्तक होतं तसं ठेवलं. आधी बघू तर काय हाय.

९ ऑगस्ट

बोट ठेवून ठेवून वाचते. कादंबरी हाय. कुंदा नावाची बाई. काय बाई की काय! शेजारणीची साडी मागून नेली, डाग पाडला अन् डाग आतल्या घडीत घालून परत दिली. सासू तापली तर म्हणते, ‘मी काय डॉक्टर आहे?’ – अन् चालली सिनेमाला. एकटी! देवापुढचा पेढासुद्धा खाल्ला.

ह्या बाईला दोन थोबाडीत द्यायला पाहिजेत.

आज भाकरी करपली.

१३ ऑगस्ट

दुपारी पोरं क्लासला गेली की आम्ही बाया ओट्यावर बसतो. शेजारची खातूनबी तिथंच मशीन ठेवून ब्लाउज शिवते. मुखेडची एक हाय, शिवांशची आई, नवऱ्याला अन् सासूला मुखेडात ठेवून इथं पोराला रांधून घालते. रोजचं बोलणं एकच. तुझ्या पोराला किती पडले, माझ्याला किती पडले. कंटाळून मी कुंदाची गोष्ट सुरू केली.

खातूनबी – “तौबा तौबा! अशी बाई असते का?”

मुखेडवाली – “माझी सून असती तर विहिरीत ढकलली असती.”

मी म्हणाले, मग राहू द्या, न्हाई सांगत.

दोघी एकदम – “सांगा की हो! पुढं?”

१४ ऑगस्ट

आज सहा जणी.

२२ ऑगस्ट

कुंदानं बहिणीच्या लग्नात रुसून वरात अडवली. बाया इतक्या चिडल्या की खातूनबीनं बाही उलटी जोडली. “मरत का न्हाई ही!” म्हणाली, अन् दोरा उसवत उसवत विचारते, “आगे क्या हुआ?”

शिव्या द्यायला येतात सगळ्या. पण वेळेच्या आधी येतात. भांडी तशीच टाकून येतात.

चांगल्या बाईचं काय सांगणार? उठली, झाडलं, सोसलं, मेली. एका दुपारी संपतं. ही उद्या काय करंल ते हिचं हिलाच ठाऊक न्हाई.

२९ ऑगस्ट

मुखेडवाली नवऱ्याला फोनवर म्हणत होती, “पाहुणे मला विचारून बोलवत जा. न्हाईतर तुमचं तुम्ही रांधा.” शब्दाला शब्द कुंदाचा! मी बघितलं. तिनं तिकडं तोंड केलं.

विहिरीत ढकलणार होती म्हणे.

५ सप्टेंबर

डबा उघडला तर पुस्तक गायब! शिवानीनं परत केलं असणार. चाळीस-एक पानं राहिली होती माझी. आता विचारावं कसं? विचारलं तर चोरी माझीच निघते.

ओट्यावर बाया बसलेल्या. सांगितलं मनानंच. कुंदानं सासूची तांब्याची घागर विकून चपला घेतल्या. लाल. उंच टाचेच्या.

बाया खवळल्या! बरं जमलं.

९ सप्टेंबर

रात्री जेवताना शिवानी खाली मान घालून म्हणाली, “आज्जी, ते घागरीचं पुस्तकात न्हाई.”

म्हणजे खिडकीतून ऐकत होती, क्लास नसला की!

मी म्हणाले, बरं, पुस्तकात काय हाय?

“शेवटी ती सुधारते. सासूच्या पाया पडते.”

हात्तिच्या! एवढी पानं बाईला वागवलं अन् शेवटी लिहिणाराच भ्यायला. मी न्हाई पडू देणार पाया.

शिवानी हसली. जून महिन्यापासून पहिल्यांदा. मग परत पुस्तकात मुंडी. ही पोर म्हणजे गुणाची. काय वाढू? काहीही. कोणती बॅच? अप्पा म्हणतील ती. उशीवर केस मूठभर गळतात. विचारलं तर – “काही न्हाई आज्जी.”

१४ सप्टेंबर

गणपती बुडवायचा दिवस. ढोल ऐकला की आमच्याकडची माणसं त्या रात्री अजून घरात झोपत न्हाईत. मुखेडवालीला काय माहीत. ती म्हणाली, “नागम्माबाई, आता कुंदाला मारा. भूकंपात भिंतीखाली घाला. असल्या बाईला तेच पाहिजे.”

मी म्हणाले, भूकंप स्वभाव विचारून येत न्हाई. मी होते तिथं.

त्र्याण्णव साली आम्ही किल्लारीकडच्या गावात होतो; महादेवप्पा तेवढा बायको-पोरीला घेऊन उदगीरला दुकानावर. माझी धाकटी जाऊ गंगम्मा म्हणजे साखर. कोणाला उलटा शब्द न्हाई. गणपती बुडवून आलो त्या रात्री मी तिच्याशी लोणच्याच्या बरणीवरून भांडले अन् वाकळ घेऊन अंगणात झोपले. ती दारातून म्हणाली, “ताई, आत या, दव पडतंय.” गेले न्हाई. दगडाची भिंत, वर छताला मातीचं धाबं. सकाळी अंगण राहिलं अन् मी राहिले.

पुढं पत्र्याच्या शेडात लोक माझ्यासमोर म्हणायचे, गुणाची गेली, ही राहिली. खोटं कुठं होतं?

खातूनबीनं मशीन थांबवलं. मुखेडवाली हळूच म्हणाली, “मग राहू द्या कुंदाला.”

राहूच देणार होते.

२१ सप्टेंबर

रविवारचा फोन. कॉलेजच्या पेपराचे मार्क सांगितले. कमी पडले. महादेवप्पा गरजला, मग म्हणाला, मी येतो. शिवानी समोरच बसलेली. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, “सांगायचंच होतं का?” मी म्हणाले, त्यासाठीच तर ठेवलंय मला. ती परत खाली मान.

२८ सप्टेंबर

महादेवप्पा परवा येणार. पोरगी आज फक्त ताक प्याली. ही तोंड उघडणार न्हाई, वाळून जाईल. तेव्हा मीच बोलणार – बस झालं डॉक्टर-डॉक्टर, पोरीला घरी ने. तोंड माझं वाईटच हाय, तर कामाला लावू.

३० सप्टेंबर

झालं ते लिहिते.

महादेवप्पा आला, पेरू आणले. गोड बोलला. “बाळ, अप्पासाठी एवढं कर. पहाटेची बॅच पण लावू.” शिवानीनं मान हलवली. मी पदर खोचला, तोंड उघडलं –

“आज्जी, तू थांब.”

मी थांबले! आयुष्यात कोणाचं ऐकून थांबले न्हाई.

बापाकडं बघून म्हणाली, “अप्पा, मेडिकलची बॅच मी कधीच सोडली. बारावी देईन. सीईटी देणार न्हाई. पुढचं माझं मी बघीन.”

मी हिला रोज छत्री धरून सोडत होते! पुढच्या दारानं आत, मागच्या दारानं वाचनालयात. अन् मी ती आत शिरेपर्यंत समोरच्या चहाच्या टपरीवरून पाळत ठेवत होते. बारावी सायन्सची अक्कल मला उशिरा कळली.

महादेवप्पाचा चेहरा काळाठिक्कर. माझ्याकडं वळला – “अव्वा, तू इथं काय करून राहिलीस?”

मी म्हणाले, ते जाऊ दे. पोरीला घरी घेऊन चल.

“मी घरी येणार न्हाई,” शिवानी म्हणाली. “आज्जीला न्या. मला हिच्यासंग राहायचं न्हाई.”

बाहेर खातूनबीचं मशीन बंद झालं.

“कुंदाला एकटीला सिनेमाला सोडती. मला छत्रीखाली धरून नेती. रविवारी चुगली करती. गोष्टीतल्या बाईला मोकळं सोडलंय हिनं, मला न्हाई.”

रडली न्हाई. आवाज चढवला न्हाई. कुंदा अशीच बोलायची. मीच बसवलं होतं ते बोलणं तिच्या तोंडात – पण ओट्यावरच्या बायांसाठी. घरात वापरायला कोणी सांगितलं होतं?

महादेवप्पा लई ओरडला. पण बारावीचा फॉर्म इथूनच भरलाय, करतो काय? शेवटी ठरलं – समोरच्या खोलीतली पोरगी हिच्यासंग राहील, जेवायला डबा लावायचा. माझं गाठोडं बांधायचं.

एक पेरू खाल्ला. कच्चा निघाला.

१ ऑक्टोबर, एस.टी.त

शिवानी स्टँडवर आली न्हाई. कुंदा पण आली नसती.

गोष्टीत ऐकायला बरी वाटती असली बाई. आपल्या उंबऱ्यावर उभी राहिली की पायाखालचं हलतं. दोन थोबाडीत द्याव्या वाटलं. खरंच वाटलं.

४ ऑक्टोबर, उदगीर

सून हळू आवाजात सगळ्यांना सांगते, “अव्वांनीच बिघडवली.” ही पण गुणाची. म्हणून मागून बोलते.

१२ ऑक्टोबर

रविवार. फोन करायचा न्हाई कोणाला. मार्क सांगायचे न्हाईत. दिवस लई लांब हाय उदगीरात.

१९ ऑक्टोबर

खातूनबीचा फोन. म्हणते, शिवानी रोज दुपारी ओट्यावर बसून गोष्ट पुढं सांगून राहिली. आता आठ जणी येतात. गोष्टीत एक नवीन म्हातारी आलीय – छत्रीवाली, चुगलखोर, जिभेला हाड न्हाई. सगळ्या तिला शिव्या देतात, पण उठत न्हाईत. मुखेडवाली म्हणते, मारा तिला एकदाची.

मी म्हणाले, शिवानीला सांग – म्हातारीला अंगणातच झोपव.