ताईचं शीड

१२ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

आम्ही सुखरूप पोचलो. तुझं जहाज पाहिलं. जुन्या नमुन्यावर नवं बांधलंय म्हणून केवढा तोरा मिरवतोस. पण तिकिटं फाडण्यापलीकडे तू तिथे काय करतोस, ते काही कळलं नाही. तोफेशेजारी फोटोसाठी तुझ्या दाजींनी पोट आत घेतलं, पण फोटो निघेपर्यंत दम टिकला नाही.

कप्तानांना मी बोलले, ते मात्र चुकलंच. चाळीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले. शिडाच्या कडेला हात लागला आणि टाके कच्चे आहेत हे बोटांनाच कळलं. तोंडातून निघून गेलं, की असले टाके मी दप्तरालाही घातले नसते. डोळ्यांना जवळचं दिसेना म्हणून मशीन विकलं, पण जीभ तेवढी राहिली. माझ्या वतीने माफी माग.

लोभ ठेव, राग नको.

तुझी ताई

२० मार्च

ती. ताईस सा. न.

माफी मागायला गेलो, तर कप्तान फाटकं शीड पसरून बसलेले. शनिवारच्या वाऱ्याने तू दाखवलंस तिथेच ते उसवलं. तुला बोलावून घे म्हणाले. डोळ्यांचं सांगितलं, तर म्हणाले, शिडाची सुई बोटाएवढी असते, दोरा सुतळीसारखा. पाच एप्रिलला पाहुण्यांना घेऊन बंदराबाहेर जायचंय.

मशीन गेल्यापासून तू खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सदऱ्यांची शिवण तपासतेस, असं दाजी सांगत होते. त्या बिचाऱ्यांना सोड आणि इकडे ये. नाहीतर मला शिवायला बसवतील, आणि जहाज बुडाल्याचं पाप तुझ्या माथी येईल.

माया आहेच, ती घेऊन ये.

तुझा धाकटा

९ एप्रिल

चि. धाकट्यास अ. आ.

हात अजून ठणकताहेत. दाजी जमिनीवर चालतानाही डुलतात. जहाजावर निम्मा वेळ कठड्याला मिठी मारून होते, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मी धक्क्यावरूनच बघणार होते. पण कप्तान म्हणाले, शिवणारीच काठावर राहिली तर बाकीच्यांनी कुणाच्या भरवशावर चढायचं? मग चढले. वारा भरला, शीड फुगलं, तेव्हा मी समुद्राकडे पाहिलंच नाही, टाक्यांकडेच बघत राहिले. एकही हलला नाही.

माझ्या डोळ्यांत पाणी का आलं, असं तू विचारलंस. मी वाऱ्यावर ढकललं. खरं सांगू? मी शिवलेले कपडे घालून लोकांची पोरं कुठल्याकुठे गेली. मी शिवलेलं मला कुठेतरी घेऊन गेलं, ते पहिल्यांदाच.

दुसरं शीड दुरुस्तीला कधी काढणार, ते विचारून कळव. मला घाई नाही. उद्याच्या टपालाने कळवलंस तरी चालेल.

लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी ताई