खिडकीजवळच्या टेबलाची टाळी

१२ जाने., सोम.
वसतिगृहाच्या मेसमध्ये आजपासून टाळी. दंड नाही, ओरडा नाही. ज्या टेबलावर कुणीच अन्न टाकलं नाही, त्यांच्यासाठी सगळ्यांनी उठून टाळ्या. वर्गात पॉझिटिव्ह सायकॉलॉजी शिकवते, एकदा करूनही बघावी. प्राचार्य : "खर्च न्हाई ना? मग करा."

१७ जाने., शनि.
खरकट्याची बादली जवळपास रिकामी. स्वयंपाकाच्या शांताबाई म्हणाल्या, "डुकरं उपाशी मारायलाव तुमी, मॅडम." खूप हसलो.
खिडकीजवळचं टेबल रोज जिंकतं. तिथे आता माझ्या वर्गातली सुनीता बसते. चारठाणा गावची, अबोल. आधी भिंतीकडे तोंड करून एकटी जेवायची. हे मी अपेक्षिलंही नव्हतं. यावर पेपर लिहावा?

२७ जाने., मंगळ.
न सांगता, लवकर गेले. खांबाआड उभी होते.
खिडकीजवळच्या टेबलावरच्या प्रणालीने चावलेली भाकर सुनीताच्या ताटात टाकली. दुसरीने कालवलेला भात. तिसरीने वरण ओतलं. "सुने, आटप की! टाळी राहिली." सुनीता मान खाली घालून खात होती. सगळ्यांचं उष्टं. शेवटी बोटाने ताट पुसलं. हॉल उठला, टाळ्या.
सवयीने मीही वाजवल्या.
नंतर प्रणालीला बाजूला घेतलं. "वाया तर जात न्हाई ना, मॅडम? अन् तिला लय भूक असती." नजर चोरली नाही तिने. तिला खरंच काही वावगं वाटत नव्हतं.

२८ जाने., बुध.
प्राचार्यांना म्हटलं, बंद करते. "तपासणी समिती येऊन जाऊ द्या. पोरी खुशीनं करायल्यात की." तपासणीच्या दिवशी तेच टेबल पुढे ठेवायचंय त्यांना. नाही म्हणाले.
दुपारी सुनीताला बोलावलं. माफी मागायची होती, ती राहिलीच. प्राचार्य काहीही म्हणोत, उद्यापासून टाळी बंद म्हणताच रडायला लागली.
"नका ना करू, मॅडम."
"अगं, उष्टं खायला लावतात तुला."
"ते खाती मी. पण मग मला कोण जवळ बसू देईल?"
"मी बसेन."

२९ जाने., गुरु.
आज टाळी नाही. ताट घेऊन सुनीताशेजारी बसले. प्रणाली आणि बाकीच्या उठून दुसऱ्या टेबलावर गेल्या. तिच्या ताटात कुणी काही टाकलं नाही. तिच्याशी कुणी बोललंही नाही. जाताना प्रणालीने अर्धं ताट बादलीत उपडं केलं, आमच्याकडे बघत.
सुनीताने भाकर तशीच ठेवली. पहिल्यांदाच.
हात धुताना हळूच म्हणाली, "मॅडम, उद्या नका येऊ."