तेरा दिवसांचे नमुने

सर, तुम्हाला जाऊन बावीस वर्षे झाली. तरी उद्या अंतिम अहवाल द्यायचा आहे आणि तो आधी तुम्हाला दाखवावा, असे सकाळपासून वाटते आहे. तीनदा टेबलापाशी बसलो, तीनदा उठलो.

कोल्हापुरात आमच्या वसाहतीमागच्या नाल्यावर मी कर्दळीचा वाफा केला आहे. खडी-वाळूतून, कर्दळीच्या मुळांतून सांडपाणी संथ झिरपते आणि बरेच स्वच्छ होऊन बाहेर पडते. कंद माझ्या पत्नीने शिरोळहून, माहेरातून आणले. पाच वर्षे रोज सकाळी आम्ही दोघे तिथे जात असू. मी बाटलीत नमुना घेई. ती वाफ्याच्या तोंडाशी बसवलेल्या जाळीतला कचरा दाताळ्याने ओढून काढी. "तुमचं संशोधन चालू द्या, मी आपली झाडलोट करते," असे म्हणे. गेल्या माघात ती गेली. तेरा दिवस मी घराबाहेर पडलो नाही. चौदाव्या दिवशी नोंदवहीतले तेरा रिकामे चौकोन मला पाहवेनात. मागच्या आकड्यांवरून मी ते भरून टाकले.

वाफ्यांना मंजुरी देणाऱ्या समितीला कच्च्या अहवालातले नेमके तेच आकडे आवडले. माणूस फिरकला नाही तरी वाफा चालला! आता हातकणंगल्याकडच्या एका गावात तसाच वाफा होणार आहे, देखरेखीला कोणी न ठेवता. खाली ओढ्यावर जनावरे पाणी पितात. आणि काल वसाहतीचे माळीमामा सहज म्हणाले, "सायेब, वैनी गेल्या तवा जाळी पार तुंबल्याली. घाण पाणी वरनंच गेलं की. शेवटी मीच उपसली. त्या टायमाला तुमास्नी काय सांगायचं?"

तेव्हापासून माझ्या डोळ्यांसमोर तुम्ही पुन्हा आमच्या वर्गाच्या प्रयोगशाळेत उभे आहात. मी जत्रेला गेलो होतो आणि चाचणीचा एक आकडा अंदाजाने घातला आहे. वही सर्वांसमोर उंच धरून तुम्ही विचारता, "काय पावणं, ह्यो आकडा तुमास्नी पाण्यानं सांगितला व्हय?" वर्ग हसतो. मग हळू आवाजात, "नमुना घेतला न्हाय, तर कोरं सोडायचं. कोरं म्हंजे खोटं न्हवं." आणि डबा उघडून अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवता.

आज दुपारी ते तेरा आकडे लाल शाईने खोडले. प्रत्येकापुढे 'नमुना घेतला नाही' असे लिहिले, माळीमामांनी सांगितलेले खाली जोडले. वाफा कदाचित नामंजूर होईल, कर्दळ उपटली जाईल. पण अडलो आहे ते दुसरीकडेच. अहवालात एक रकाना आहे, 'दैनंदिन देखभाल'. ती शेजारी दाताळे घेऊन उभी असताना पाच वर्षे मी त्यात 'निरंक' लिहीत आलो. आता तिथे किती मिनिटे ते लिहायला हवे. त्या गावाला ते कळायला हवे. हे पत्र कोठेही जाणार नाही, म्हणून सांगतो, सर. जाळी साफ करायला तिला किती वेळ लागत असे, हे मी एकदाही पाहिलेले नाही.