बाबांना तीसपैकी सत्तावीस

तीर्थस्वरूप आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? या वेळी डाव्याचं विचारतो आहे, कारण मागच्या पत्रात मी उजव्याची चौकशी केली आणि तू फोनवर म्हणालीस, "दुखतो डावा, विचारतोस उजव्याचं, अगदी बापावर गेलास!" इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. बाबांना भूक चांगली लागते (कधी कधी जेवण झाल्यावर पंधरा मिनिटांनी पुन्हा तितकीच चांगली लागते). माझं वजन थोडं उतरलं आहे, पण ते काळजीने नसून पाट्या रंगवायला शिड्या चढल्यामुळे आहे, असं मी शेजाऱ्यांना सांगतो.

त्याच फोनवर तू असंही म्हणालीस, की हाताशी धडधाकट मुलगा असताना माझ्या भावाला पाळणाघरात टाकतोस का. तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. (मला उत्तरं परीक्षा झाल्यावर सुचतात, हे दहावीच्या दोन्ही वेळी तू पाहिलं आहेस.) म्हणून सविस्तर लिहितो. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे, मजकुराची मात्र हमी देत नाही.

तू म्हणशील, कामावर जाताना बाहेरून कुलूप लावावं. आत्या, तुझ्या भावाने चाळीस वर्षं कुलपं दुरुस्त केली. त्यांच्या डोक्यातलं एकेक निघून चाललं आहे, पण बोटांनी अजून काहीच सोडलेलं नाही. मी मन घट्ट करून एकदा कुलूप लावलंही. दुपारी घरी आलो तर कुलूप जसंच्या तसं होतं, कडीला व्यवस्थित लटकलेलं, फक्त दार जागेवर नव्हतं. बाबांनी आतून चमच्याच्या दांड्याने बिजागऱ्या काढल्या होत्या. दार भिंतीला नीट टेकवून ठेवलं होतं आणि सगळे स्क्रू एका बशीत, वर दुसरी बशी झाकून. स्वतः दोन गल्ल्या पलीकडे एका हार्डवेअरच्या दुकानात, बंद पडलेल्या कुठल्या तरी कंपनीची स्प्रिंग मागत उभे होते. दुकानदार म्हणाला, "तासभर समजावतोय, काका ऐकतच नाहीत. पण माल ओळखतात हो!" त्यानंतर आमच्या पाट्यांच्या दुकानाच्या मालकांनी मोठ्या मनाने सांगितलं, की वडिलांना दुकानात आणून बसव, कोपऱ्यात बसतील बिचारे. तिसऱ्या दिवशी मालकांच्या स्कूटरचं कुलूप सुटं होऊन त्याच कोपऱ्यात मांडलेलं सापडलं, आणि मालक पायी घरी गेले. चौथ्या दिवसापासून मोठं मन संपलं.

आता पाळणाघराचं. ते पाळणाघर नाही, वयस्कर माणसांचं दिवसकेंद्र आहे. गल्लीत त्याला म्हाताऱ्यांची शाळा म्हणतात. दोन मोठ्या खोल्या, भिंतीला कमरेइतक्या उंचीवर धरायला लाकडी दांडा, खिडकीशी सात खुर्च्या, कोपऱ्यात दोन खाटा. सकाळी नऊला सोडायचं, सहाला आणायचं. बाबांना त्यांनी दोन आठवडे चाचपणीसाठी ठेवून घेतलं. तिथल्या मुख्य बाईंनी कुठून तरी जुन्या कुलपांची पेटी आणून त्यांच्यापुढे ठेवली. बाबा दिवसभर उघडायचे, लावायचे, तेल द्यायचे. संध्याकाळी घरी येताना ते दमलेले असत, पण कामावरून सुटलेला माणूस दमतो तसे. वाटेत एकदा मला म्हणाले, "आज गिऱ्हाईक बरं होतं." आत्या, दोन वर्षांनी आमच्या घरात सुखाची झोप लागली, दोघांनाही. तुझ्या भावाला मी टाकलं असतं, तर त्या दोन आठवड्यांत ते दोन शेर वाढले नसते.

पण पुढे तिथे राहायचं तर सरकारी अनुदानाची जागा मिळायला हवी, कारण पूर्ण फी माझ्या पगाराहून जास्त आहे. अशी एक जागा रिकामी होती. तिच्यासाठी अर्ज केला. (अर्जाचं पुढचं पान मी चार वेळा वाचलं आणि छापलेल्या मजकुरातल्या तीन चुका पेन्सिलीने दुरुस्त करून दिल्या. मागचं पान वाचलं नाही.) मग पत्र आलं, की वडिलांची स्मरणशक्तीची चाचणी होईल, तीस गुणांची.

आता तू मला सांग, दोनदा नापास झालेल्या माणसाला असं पत्र आलं तर तो काय करील? निकालाच्या फळ्यापुढे उभं राहून आपला नंबर शोधणं काय असतं ते मला ठाऊक आहे. बाबांच्या वाट्याला या वयात ते येऊ नये, एवढाच माझा विचार होता. ज्याच्या वडिलांची चाचणी आधी झाली होती, त्या झेरॉक्सवाल्याकडून मी सगळे प्रश्न उतरवून आणले आणि एकवीस दिवस बाबांचा अभ्यास घेतला. घरभर पाट्या लावल्या. पत्र्याच्या, तैलरंगात, अक्षरांना सावली देऊन (कामात आपण हयगय करत नाही). 'आज मंगळवार.' ही रोज बदलायची. 'हे न्हाणीघर.' 'हा गॅस, हात लावू नये.' शंभरातून सात वजा करत जायचे असतात, तर ती उत्तरं बाबांकडून मी पाढ्यासारखी पाठ करून घेतली. चुकले की पुन्हा. पुन्हा चुकले की पुन्हा. एकदा ते म्हणाले, "मास्तर, आता पुरे, डोकं दुखतंय." मी म्हटलं, आणखी एकदाच. आता ते आठवलं की वाटतं, आपल्याच कानाखाली मारून घ्यावी.

चाचणीला बाबा घडीचा शर्ट घालून गेले. वार विचारला, सांगितला. महिना विचारला, सांगितला. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, धाडधाड. तीन शब्द लक्षात ठेवायचे होते, ते बाबांनी सांगितलेच, शिवाय झेरॉक्सवाल्याच्या वडिलांना विचारलेले तीनही सांगितले. माझे ओठ सारखे हलत होते, हे तपासनीस बाईंनी दोनदा माझ्या निदर्शनास आणलं. मध्येच त्यांच्या टेबलाचा खण अडकला. बाबा उठले, खाली वाकले, कुठेशी अंगठा दाबला, आणि खण उघडला. बाई म्हणाल्या, "काका, चार महिन्यांत पहिल्यांदा उघडला हा!" आणि शेऱ्यात लिहिलं, हस्तकौशल्य उत्तम. तीसपैकी सत्तावीस! आमच्या घराण्यात एवढे गुण कुणालाच पडले नव्हते. (एका प्रश्नाचे तीन गुण गेले. त्याचं पुढे बघू.) मी बाबांना चहा पाजला, स्वतः दोन कप प्यालो, आणि दुसऱ्या दिवशी मान ताठ करून कचेरीत गेलो.

नियम मागच्या पानावर होता. वीस किंवा वीसहून कमी गुण, तरच अनुदान.

कारकुनाने अर्ज उलटून नियमावर बोट ठेवलं. म्हणाला, "अहो, लोक इथे येऊन रडतात, की आमच्या माणसाला काही म्हणजे काही येत नाही हो. वडिलांना पास करून आणणारे तुम्हीच पहिले." मग त्याला बहुधा दया आली, कारण त्याने फेरचाचणीचा अर्ज स्वतःच भरून दिला. (त्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक होती. मी काही बोललो नाही.) दिवसकेंद्राच्या बाईंनी महिनाअखेरपर्यंत जागा धरून ठेवली आहे. त्यांच्या यादीत मागे तेरा माणसं आहेत. फेरचाचणी येत्या अठरा तारखेला सकाळी दहाला आहे. तीही हुकली, तर मला काम सोडून घरी बसावं लागेल, आणि मग आम्ही दोघं काय खाणार याचं उत्तर मला परीक्षेनंतरसुद्धा सुचणार नाही.

खोटं काहीच करायचं नाही. फक्त शिकवायचं नाही, बाबा आहेत तसे त्यांना दिसू द्यायचे. म्हणून सगळ्या पाट्या मी उतरवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा रिकाम्या खिळ्यापुढे येऊन उभे राहिले. मग वळून मला म्हणाले, "मास्तर, आज कुठला वार?" मी वर्तमानपत्र वाचल्यासारखं केलं. त्यांनी पुन्हा विचारलं, अगदी हळू, कुणाच्या घरी पाणी मागावं तसं. मी सांगून टाकलं, गुरुवार. आत्या, नापास व्हायचा अभ्यासही मला जमत नाही.

बाकी सर्व क्षेम. डाव्या गुडघ्याला जप.

तुझा भाचा

ता. क. तू सतराला संध्याकाळपर्यंत ये. चाचणीच्या खोलीत घरचं एक माणूस बसावं लागतं. मी बसलो तर माझे ओठ हलतील, आणि बाबा माझ्या तोंडाकडेच बघत बसतील. तू बसलीस तर ते तुझ्याकडे बघतील. सबंध दिवसात ते नाव घेतात ते फक्त 'ताई' एवढंच. रिक्षा मी दारात आणीन, पायऱ्या फक्त चार आहेत, मोजल्या आहेत.

दुसरा ता. क. गेलेल्या तीन गुणांचं. प्रश्न होता, घरी तुमच्यासोबत कोण राहतं, नातं सांगा. बाबा म्हणाले, "मास्तर राहतात. स्वभावाने चांगले आहेत, पण शिकवतात फार." एकवीस दिवसांत मी हा प्रश्न घेतलाच नव्हता. वाटलं, हे काय शिकवायचं असतं? घरातल्या सगळ्या वस्तूंना पाट्या लावल्या, मला तेवढी लावायची राहिली.

तिसरा ता. क. बाई तो प्रश्न पुन्हा विचारतील. बाबा मास्तर म्हणाले, तर म्हणू दे. तू दुरुस्त करू नकोस, ते गुण आपल्याला नकोच आहेत. पण चुकून ते मुलगा म्हणाले, तर बाहेर आल्याबरोबर आधी मला ते सांग, निकालाचं नंतर. मी जिन्याजवळच्या बाकावर बसलेला असेन.