वाजली नाई ती शिट्टी

पुणे, रविवार

बाबा, इथूनच पाया पडते.

मी बरी आहो. मेसची भाजी गोड असते, पण आईचं लोणचं अजून पुरून राह्यलं.

आज रेफरीची लेखी परीक्षा झाली. प्रश्न सोपे दिसतात अन् एका शब्दात फसवतात. एक होता: ‘खेळाडू जखमी होऊन पडला आणि चेंडू विरुद्ध संघाकडे असला, तर रेफरीने नेहमी लगेच खेळ थांबवावा. बरोबर की चूक?’ मी त्या ‘नेहमी’वर अडकली. मले पोंभुर्ण्याचं आपलं बास्केटबॉलचं मैदान दिसलं, कडेले धान वाळत घातलेलं. मी गुडघा फोडून पडली होती. रेफरी तुम्हीच होते, तरी समोरच्या संघाची बास्केट झाल्यावरच तुम्ही शिट्टी वाजवली. दोन दिवस मी तुमच्याशी बोलली नाई.

आज ‘चूक’ लिहिलं. मोठा धोका नसला तर त्यांची चढाई पुरी होऊ द्यायची, असाच नियम आहे.

बीपीची गोळी घेता ना? यंदा मी नापास नाई होणार, असं वाटते.

एक कधी सांगितलं नाई. त्या दिवशी पडल्यापडल्या मी पाह्यलं होतं, शिट्टी धरलेले तुमचे ओठ थरथरत होते.

तुमची,
रीता