दुमडीतली गाठ

मंगळवार, ३ मार्च

दुपारी ती दुकानाची पायरी चढली, त्या क्षणी सगळं बदललं. आधीचा मी वेगळा, नंतरचा वेगळा. जरासुद्धा वाढवून सांगत नाहीये!

मी सीटवर रेक्झिन ताणत होतो. "मालक कोण?" तिने विचारलं. मी ऐटीत केस मागे सारले — गोंदाच्या हाताने. अजून चिकटलेले आहेत.

गिऱ्हाईक नव्हती. गाड्यांच्या कंपनीच्या वकिलाकडे ज्युनिअर आहे. आमच्या पाटीचा फोटो काढला, मांडणीवरच्या सीट कव्हरांचे काढले. वळून बघणारं हरीण, भोवती कडं — हे कंपनीचं चिन्ह, तुम्ही परवानगीशिवाय वापरता, म्हणे. आवाज असा की शिक्षासुद्धा ऐकत राहावी.

आत्या मशीनवरून न उठता म्हणाली, "वापरतो खरं. पण बाई, तुमचं हरीण उपाशी दिसतं. माझं बघा — चरून आल्यासारखं!"

ती हसली. लगेच दाबलं, पण हसली. मी पाहिलं.

गुरुवार, ५ मार्च

नोटीस आली. पाटी उतरवा, हरणाची सगळी कव्हरं नष्ट करा, पुन्हा वापरणार नाही असं लिहून द्या. नाहीतर कोर्ट.

आत्या म्हणे, "देऊ लिहून. हरीण त्यांचं, त्यांनी मागितलं."

एवढंच! आजोबांपासूनचं दुकान. गल्लीत कुणालाही "हरणवाले कुठे?" विचारा, आमच्याकडे बोट दाखवतील. हरीण गेलं तर आम्ही कोण? रस्त्यावरचं कुठलंतरी शिलाईचं दुकान!

मी लढणार. दीड वर्ष कायदा शिकलोय, उगाच नाही.

"अर्धे वकील," आत्या म्हणाली, "आधी त्या मागच्या सीटची शिवण पुरी करा. कॉलेजसारखी मध्येच टाकू नका."

शुक्रवार, ६ मार्च

नष्ट कशाला करायची? हरीण काढलं की झालं! आत्या बाहेर गेली तशी ब्लेड घेऊन बसलो आणि मांडणीवरची सगळी हरणं उसवली. स्वतःवर खूश होतो.

आत्या आली. एक कव्हर उजेडाला धरलं आणि कपाळाला हात लावला. रेक्झिन ते, कापड नव्हे — सुईचं भोक बुजत नाही. दोरा गेला, हरीण जागच्या जागी. आता ठिपक्याठिपक्यांचं.

"विचारायचं तरी होतंस रे शहाण्या!"

विचारणं हा माझा पिंडच नाही.

सोमवार, ९ मार्च

ती पाहणीला आली. त्या भोकांवरून बोट फिरवलं.

"हे काय?"

"चितळ," मी म्हणालो.

ओठ चावून हसू आवरलं तिने. मग गंभीर — "अहो, ही थट्टा नाही. सही करून द्या, विषय मिटेल. आमचे साहेब दयामाया दाखवत नाहीत."

"आणि तुम्ही?" तोंडातून निघूनच गेलं!

फाईल बंद केली आणि निघाली. कान लाल झाले होते. तिचे! माझे कसे होते कोण जाणे.

बुधवार, ११ मार्च

डोकं फिरलं होतं. तडक कंपनीच्या शोरूममध्ये गेलो. म्हटलं, यांची अस्सल कव्हरं बघू तरी एकदा. तिथला सेल्समन पढवलेल्या पोपटासारखा — "सर, फॅक्टरीची शिलाई आहे. बाहेर अशी मिळणार नाही!"

नव्या गाडीत बसलो. सवयीने हात सीटखाली गेला, कव्हराच्या दुमडीत. बोटाला गाठ लागली.

आत्याची गाठ!!

शिवण संपली की दुमडीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशी, ती लाल दोऱ्याची गाठ मारते. आजोबांची पद्धत. कव्हर फाटून परत आलं की आधी दुमड उलटायची. गाठ दिसली की दुरुस्ती फुकट, मग ते कितीही जुनं असो. लहानपणापासून माझी बोटं ती गाठ शोधत आलीत.

शेजारची सीट — गाठ. मागची — गाठ! एक दलाल दर महिन्याला आमच्याकडून बिनहरणाची काळी कव्हरं घाऊक उचलतो — त्याचंच काम! माल कुठे जातो ते आज कळलं. हे लोक त्यावर हरीण ठोकतात, फॅक्टरीचं म्हणून विकतात, आणि चोर कोण? आम्ही!

सेल्समनला म्हणालो, "शिलाई झकास हो. अगदी घरच्यासारखी."

गुरुवार, १२ मार्च

आत्याला सांगितलं. वाटलं, उडेल. तिने सुईत दोरा ओवला.

"दलाल कुठे नेतो ते मी विचारत नाही. विचारलं तर यायचा बंद होईल. मग दुसऱ्या मशीनवरच्या मावशीला काय सांगू, घरी जा?"

"अगं, पण ते आपल्यालाच नोटीस —"

"गप्प बस."

मी आणि गप्प!

शनिवार, १४ मार्च

नाही राहवलं. तिच्या ऑफिसखाली जाऊन उभा राहिलो आणि तिलाच सगळं सांगितलं. आपण केवढे हुशार, हे तिला कळायला नको?

तिचा चेहरा उतरला. "मला का सांगितलंत? मी कंपनीच्या बाजूची आहे. आता हे साहेबांच्या कानावर घालावंच लागेल मला."

"घाला की! मी भितो काय?"

"तुमच्या आत्यांचं काळ्या कव्हरांचं काम बंद पडेल. एवढंही कळत नाही?"

नाही कळलं. गाढव आहे मी. प्रेमात पडलेलं — म्हणजे दुहेरी गाढव.

(पण काळजी तिला आमच्या कामाची होती! हे विसरता येत नाही.)

रविवार, १५ मार्च

आत्याला सांगून टाकलं. लाकडी पट्टी फेकून मारली. नेम चांगला आहे तिचा. मग म्हणाली, "झालं ते झालं. चल, जेवून घे."

पट्टीपेक्षा ते जास्त लागलं.

सोमवार, १६ मार्च

कंपनीने बोलावलंय! उद्या, दोघांनाही. टरकले! शोरूमची अब्रू आहे ना!

तिचा फोन आला होता. "आत्यांना बोलू द्या. तुम्ही तोंड उघडू नका. मी समोरच्या बाजूला बसेन. ओळख दाखवायची नाही."

समोर बसणार. बरोबर समोर! शर्टाला इस्त्री केली. दोनदा.

मंगळवार, १७ मार्च

लांबलचक टेबल. साहेब साखर पेरत बोलले — नोटीस मागे, दलाल बाद, शोरूमचं सगळं काम थेट आत्याला. अट एकच. दुमडीत ती लाल गाठ मारायची नाही. कंपनीच्या मालावर दुसऱ्याची खूण चालत नाही.

आत्याने पिशवीतून हरीण सोडल्याचा कागद काढला. घरूनच सही करून आणला होता. टेबलावर ठेवला. "तुमचं होतं ते घ्या. गाठ माझ्या वडिलांची. ती नाही मिळायची." आणि उठली.

माझ्या जिभेवर दहा वाक्यं होती. एकही बोललो नाही. समोर बघितलं. ती हसत होती — साहेबांच्या शेजारी बसून, न दाबता. हरीण गेल्यावर रिकाम्या पाटीवर काय रंगवायचं ते मला तिथेच कळलं — लाल गाठ.

आत्यामागून बाहेर पडलो. दार आपटायला हात शिवशिवत होता. हळूच ओढून घेतलं.