निळ्या टोपीचा आचारी

प्रिय सौभाग्यवतीस,

आशीर्वाद द्यावेत इतका मी तुझ्याहून मोठा नाही आणि नमस्कार करावा इतका नम्र नाही. म्हणून केवळ सप्रेम स्मरण. तुझे गुडघे, लेकीची झोप आणि नातीचे वजन या सर्वांचे कुशल कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे (खोकला हा प्रकृतीचा भाग नसून हवेचा आहे).

लेकीच्या बाळंतपणासाठी दीड महिना म्हणून गेलीस, त्याला पाच महिने झाले. आता आणखी सहा महिने राहू का, असे विचारतेस. माझी संमती आहे. नातीला आजी हवी आणि लेकीला आई हवी, हे उघड आहे. मला कोणी हवे असल्याचा पुरावा उपलब्ध नाही.

जावयाने टीव्हीला जोडून दिलेला तो दोघांचा स्वयंपाकाचा खेळ मात्र मी बंद केलेला नाही. निळ्या टोपीचा आचारी तू, लाल टोपीचा मी. तू चिरायचे, शिजवायचे, मी वाढायचे, ताटल्या विसळायच्या, आणि वेळ संपण्याआधी गिऱ्हाइकाला सूप पोचवायचे. एकेचाळीस वर्षांच्या संसारात मी स्वयंपाकघरात केवळ पाणी प्यायला आलो, हे तुझे विधान मान्य. पण पडद्यावर मी शेकडो ताटल्या धुतल्या, हेही तितकेच खरे. ("घरातल्या ताटल्या रुसल्यात हो तुमच्यावर," असे तू म्हणाली होतीस. त्यावर चाळीस वर्षे तर्कशास्त्र शिकवलेल्या मी निर्जीव वस्तू रुसत नाहीत, एवढेच सिद्ध केले.)

गेल्या रविवारी समोरचे निवृत्त कंडक्टर खेळायला आले आणि त्यांनी निळी टोपी मागितली. ती राखीव असल्याचे सांगून मी त्यांना हिरवी दिली. खेळ सुरू होताच ते ओरडू लागले, "सर, पुढे सरका! कांदा टाका, कांदा!" कांदा चिरण्यापूर्वी टाकणे कार्यकारणभावास धरून नाही, हे मी त्यांना समजावून देईपर्यंत पातेले पेटले. आग कोणी विझवायची यावर एकमत होईपर्यंत अख्खे स्वयंपाकघर भस्मसात झाले. "वहिनी कसं निभावतात हो तुमच्याबरोबर?" त्यांनी कपाळाला हात लावला. प्रश्न रास्त होता. मी त्यावर दोन दिवस विचार केला. तू माझ्याशी वाद घालत नव्हतीस असे नाही. तू वाद घालता घालता कांदा चिरत होतीस.

आता एकटाच खेळतो. एकट्याच्या खेळात दोन्ही आचारी आपल्याच हाती असतात. बटण दाबले की लाल टोपी थांबते आणि निळी चालू लागते. मी ते बटण दाबत नाही. लाल टोपी धावते, निळी शेगडीपाशी उभी राहते. तिच्यापुढे कांदा नेऊन ठेवतो. तो तसाच राहतो. गुण शून्य. तरी रोज अर्धा तास खेळतो, कारण तेवढा वेळ ती तिथे उभी असते.

लेकीस, जावयास आशीर्वाद, नातीस पापा. लोभ आहेच, तो असावा असे लिहिणे अनावश्यक.

तुझा,
नवरा

ता. क. संमतीचा परिच्छेद खोडणार होतो, पण खाडाखोड केलेले पत्र मला पाठवता येत नाही. म्हणून इथे लिहितो: संमती नाही.

आणखी ता. क. नातीला घेऊन लेकही आली तर उत्तम. आतली खोली झाडून पुस्तके माळ्यावर टाकली आहेत. उत्तर लिहीत बसू नकोस. पत्राला चार दिवस लागतात, तुला एकच.